‘लोल’ म्हणजे नेमके किती हसायचे?

संदेशांमध्ये आणि समाजमाध्यमांवर रोज दिसणाऱ्या नव्या शब्दांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांचा सूर तक्रारीचा कमी आणि गोंधळाचा अधिक आहे, ही गोष्ट मला बरी वाटली. तक्रारीला उत्तर देणे अवघड असते, गोंधळाला देता येते. काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझी नात मला जे संदेश पाठवते, त्यांतील जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘लोल’ असते. ‘आज परीक्षा होती लोल’, ‘पेपर अवघड गेला लोल’, ‘आता झोपते लोल’. याचा अर्थ मोठ्याने हसणे असा आहे, हे मी विचारून घेतले. पण पेपर अवघड गेल्यावर ही मुलगी मोठ्याने का हसते?

उत्तर : ती हसत नाही, आणि बहुधा हा शब्द लिहिणारे कोणीच आता हसत नाही. ‘लाफिंग आउट लाउड’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘लोल’ तयार झाला. त्याची एक जुनी नोंद १९८९ मधील आहे. घरोघरचे संगणक दूरध्वनीच्या तारेने एकमेकांना जोडणाऱ्या ‘फायडोनेट’ नावाच्या जाळ्याच्या वार्तापत्रात तो आढळतो. त्या काळी त्याचा अर्थ अगदी शब्दशः होता. समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता, आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून ‘मी येथे हसलो’ असे लिहून कळवावे लागे. पुढे तो इतक्यांदा वापरला गेला की नाणे झिजून त्यावरचा छाप पुसला जावा, तसा त्यातला हशा पुसला गेला आणि त्याच्याकडे दुसरेच काम आले.

ते काम कोणते, हे समजण्यासाठी आपल्याच बोलण्यातील ‘हं’, ‘बरं का’, ‘ना’, ‘की’ हे शब्द आठवून पाहावेत. ‘उद्या ये’ आणि ‘उद्या ये हं’ या दोन वाक्यांतील माहिती एकच आहे, परंतु पहिले आज्ञेसारखे वाटते आणि दुसऱ्यात माया आहे. त्या ‘हं’चा अर्थ कोणी विचारला तर आपल्याला तो सांगता येणार नाही, तो काढून टाकला की काय हरवते, एवढे मात्र लगेच कळते. आपल्या नातीच्या वाक्यांवर हाच प्रयोग करावा. नुसते ‘पेपर अवघड गेला’ असे आले असते, तर आपण तत्काळ फोन लावला असता. ‘लोल’ जोडून ती असे सुचवते की, झाले ते झाले, मी सांगते आहे, पण काळजी करावी असे काही नाही. म्हणून ‘लोल’ असलेल्या वाक्यांपेक्षा ज्या दिवशी ते अचानक नाहीसे होईल, त्या दिवशीच्या वाक्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन.

आद्याक्षरांची ही हौस आजच्या पिढीची आहे, असेही मानू नये. ‘ओएमजी’ (‘ओह माय गॉड’) हे लघुरूप ब्रिटिश नौदलाचे अ‍ॅडमिरल जॉन फिशर यांनी १९१७ साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात कंसातील स्पष्टीकरणासह आढळते. ऑक्सफर्ड इंग्लिश शब्दकोशाने ते आणि ‘लोल’ ही दोन्ही २०११ मध्ये आत घेतली. ‘सा. न. वि. वि.’ने पत्र सुरू करणाऱ्यांनी तर या बाबतीत कोणालाही नावे ठेवू नयेत. आपण अर्थ विचारून घेतलात, हे मात्र उत्तम केलेत. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमरून हे ‘लोल’ म्हणजे ‘लॉट्स ऑफ लव्ह’ असे समजून एका संपादिकेला पाठवलेल्या संदेशांखाली ते कधी कधी लिहीत, ही गोष्ट २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या लेव्हसन आयोगापुढील साक्षीत उघड झाली आणि सारा देश हसला, तोही शब्दशः.

प्रश्न : मी रात्री ऑनलाइन खेळ खेळतो. निरनिराळ्या देशांतील खेळाडू मध्येच ‘५५५५’ किंवा ओळीने ‘डब्ल्यू’ आणि ‘के’ ही अक्षरे लिहितात. हे काही सांकेतिक डावपेच आहेत काय?

उत्तर : नाही, ते सगळे आपल्यावर किंवा आपल्याबरोबर हसत आहेत. थाई भाषेत पाच या संख्येचा उच्चार ‘हा’ असा होतो, त्यामुळे ‘५५५’ म्हणजे सरळ ‘हाहाहा’. पोर्तुगीज लिहिणारे ब्राझीलचे लोक ‘के’ची माळ लावतात, कोरियन लोक आपल्या लिपीतील ‘ख’सारखे अक्षर ओळीने लिहितात, आणि स्पॅनिश भाषेत ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळचा असल्याने त्यांचे हसणे आपल्याला ‘जाजाजा’ असे दिसते. फ्रेंच लोक ‘एमडीआर’ लिहितात. त्या आद्याक्षरांचा अर्थ ‘हसून मेलो’ असा आहे.

सर्वांत रंजक प्रवास जपानी हास्याचा आहे. हसण्यासाठी त्यांच्याकडे ‘वाराऊ’ हे क्रियापद आहे. रोमन लिपीत ते ‘डब्ल्यू’ने सुरू होते, म्हणून हसण्याची खूण म्हणून ते एकच अक्षर लिहिले जाऊ लागले आणि जास्त हसू आले की त्याची रांग लागू लागली. ती रांग कोणाला तरी जमिनीतून वर आलेल्या गवताच्या पात्यांसारखी दिसली, आणि मग लोक अक्षरे सोडून थेट ‘कुसा’, म्हणजे ‘गवत’, असेच लिहू लागले. आज एखादा जपानी तरुण विनोदाखाली नुसते ‘गवत’ लिहितो तेव्हा त्याला हसू आलेले असते. शब्दकोश घेऊन बसलेल्या परक्या माणसाची येथे काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. समोरचा खेळाडू चिनी असेल आणि त्याने ‘५५५’ लिहिले असेल, तर तो हसत नसून रडत असण्याची शक्यता आहे, कारण चिनी भाषेत पाचचा उच्चार ‘वू’ असा आहे आणि ‘वू-वू-वू’ हा त्यांच्याकडे हुंदक्यांचा आवाज आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर मुद्रितशोधन केले. आता माझा मुलगा मला सांगतो की, ‘बाबा, संदेशाच्या शेवटी पूर्णविराम देत जाऊ नका, तुम्ही रागावल्यासारखे वाटता.’ ज्या चिन्हासाठी मी चाळीस वर्षे जुळाऱ्यांशी भांडलो, ते आता उद्धट ठरले काय?

उत्तर : आपले दुःख मी समजू शकतो, कारण मीही संदेशात पूर्णविराम देतो आणि माझ्या परिचितांना मी तसाच तुसडा वाटत असणार. परंतु मुलाचे म्हणणे निराधार नाही. छापील मजकुरात पूर्णविराम नसेल तर वाक्य कोठे संपले हे कळत नाही. संदेशात ‘पाठवा’ची कळ दाबली की वाक्य आपोआप संपते आणि त्याला स्वतंत्र चौकट मिळते. म्हणजे चिन्हाचे मूळ काम दुसऱ्यानेच केलेले असते. काम उरले नसतानाही जे चिन्ह मुद्दाम लिहिले जाते, त्यामागे काही हेतू असावा, असे वाचणाऱ्याचे मन धरून चालते. अमेरिकेतील बिंगहॅमटन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एका शब्दाची उत्तरे असलेली संभाषणे वाचायला दिली होती. मोबाइलवरील संदेशात पूर्णविराम असलेले उत्तर त्यांना कमी मनापासूनचे वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले, तेव्हा असा फरक पडला नाही. दोष चिन्हाचा नाही, जागेचा आहे.

तेव्हा तीन-चार वाक्यांचा संदेश लिहाल तेव्हा सर्व विरामचिन्हे निःशंकपणे द्यावीत. ‘हो’, ‘ठीक आहे’, ‘बरे’ अशा एकेका शब्दाच्या उत्तरानंतर मात्र लेखणी आवरावी. याहून मोठी अडचण तीन टिंबांची आहे, तिच्याविषयी आपल्या मुलाने सांगितलेले दिसत नाही. आपल्या वयाची माणसे दोन विचारांमध्ये श्वास घ्यावा तशी टिंबे टाकतात. तरुण वाचकाला मात्र ‘ठीक आहे’ पुढील टिंबांत न बोललेली नाराजी दिसते आणि तो रात्रभर आपले काय चुकले याचा विचार करत बसतो.

प्रश्न : कार्यालयातील गटात वरिष्ठांनी सूचना दिली की मी अंगठ्याचे चित्र पाठवते. एका सहकाऱ्याच्या मते ते उर्मट दिसते, दुसऱ्याच्या मते ते लेखी संमतीइतके बंधनकारक आहे. खरे काय?

उत्तर : प्रसंगानुसार दोन्ही. बंधनाविषयीचे उदाहरण कॅनडातील सास्कॅचेवान प्रांतातील आहे. तेथे धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने जवसाच्या खरेदीच्या कराराचे छायाचित्र एका शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवले आणि करार पक्का असल्याचे कळवण्यास सांगितले. उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र आले. जवस मात्र आले नाही. ‘करार मिळाला, एवढेच मला कळवायचे होते,’ असे शेतकऱ्याचे म्हणणे होते. न्यायालयाने जून २०२३ मध्ये ते चित्र म्हणजे संमतीची सहीच होय, असे ठरवले आणि ८२,००० कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. यात अंगठ्याइतकेच महत्त्व पूर्वेतिहासाला होते, हे ध्यानात घ्यावे. त्याच दोन पक्षांत पूर्वीचे करार ‘ओके’, ‘चालेल’ अशा त्रोटक उत्तरांवरच झाले होते आणि त्या वेळी धान्य वेळेवर पोहोचले होते. चित्राचा अर्थ चित्रात नव्हता, त्या दोघांच्या वहिवाटीत होता.

उर्मटपणाचेही असेच आहे. ‘इमोजी’ हा शब्द इंग्रजी ‘इमोशन’वरून आला, असा समज आहे, तो खरा नाही, जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये एका जपानी दूरध्वनी कंपनीसाठी १७६ चिमुकल्या चित्रांचा संच बनवला तेव्हा थोड्या जागेत माहिती पोहोचवणे हाच त्याचा हेतू होता, आणि वयाने मोठी माणसे अंगठा आजही त्याच हेतूने वापरतात : निरोप पोहोचला, विषय संपला. तरुण सहकाऱ्यांना नेमके ते ‘विषय संपला’च खटकते. वरिष्ठांनी निव्वळ सूचना दिली असेल तर अंगठा पुरेसा आहे. पैसा, तारीख किंवा जबाबदारी यांचा उल्लेख असेल, तर ‘वाचले, कळवते’ किंवा ‘मान्य आहे’ यांपैकी जे खरे असेल ते शब्दांत लिहावे.

प्रश्न : मुलाचा फोन टेबलावर उघडा राहिला होता आणि मी न राहवून पाहिला. मित्रांशी चाललेल्या गप्पांत जागोजागी कवटीची चित्रे, ‘मेलो मी’, आणि एका ठिकाणी ‘अनअलाइव्ह’ असा शब्द होता. तो सतरा वर्षांचा आहे. मी घाबरावे काय?

उत्तर : कवटीला आणि ‘मेलो मी’ला घाबरण्याचे कारण नाही. तेथे तो हसतो आहे. ‘हसून हसून मेलो’ असे आपणही म्हणतो. नव्या पिढीने त्यातले हसणे गाळून फक्त मरण ठेवले आहे. आनंदाश्रू ढाळणारा चेहरा मोठी माणसे वापरू लागल्यावर तो मुलांना जुनाट वाटू लागला आणि त्याच्या जागी कवटी आली, एवढाच त्याचा इतिहास.

‘अनअलाइव्ह’ची गोष्ट वेगळी आहे. मृत्यू किंवा आत्महत्या यांचा सरळ उल्लेख असलेला मजकूर काही माध्यमांची स्वयंचलित यंत्रणा काढून टाकते किंवा कमी लोकांपर्यंत जाऊ देते, अशा अनुभवातून वा समजुतीतून वापरकर्त्यांनी हा पर्यायी शब्द रूढ केला. आता तो तीन प्रकारे येतो : एखाद्या गुन्ह्याची बातमी सांगताना, निव्वळ थट्टेत, आणि कधी कधी अगदी मनापासून. या तिन्हींत लिहिलेला शब्द एकच असतो. लेखकाचा हेतू दाखवणारी स्पष्ट खूण नसेल तर अतिरेकी मताची थट्टा कोणती आणि खरे अतिरेकी मत कोणते हे ओळखता येत नाही, असे निरीक्षण २००५ पासून ‘पो यांचा नियम’ या नावाने ओळखले जाते. ते मूळचे वादविवादांविषयी आहे, परंतु अडचण येथेही तीच आहे, आणि म्हणून केवळ शब्द पाहून मी आपल्याला निर्वाळा देऊ शकत नाही, देऊही नये.

त्याची झोप, जेवण, मित्रांकडे जाणे-येणे यांत अलीकडे बदल झाला आहे का, ते पाहावे. आणि झाला नसला तरी त्याला विचारावे. आधी ‘मी तुझा फोन पाहिला, ते मी करायला नको होते’ हे सांगून टाकावे, कारण ते त्याला नंतर कळले तर पुढचे सगळे बोलणे वाया जाईल. मग सरळ शब्दांत, त्याचा पर्यायी शब्द न वापरता, ‘तुला जीव नकोसा वाटतो का?’ असे विचारावे. असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खरी नाही, असे मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील तज्ज्ञ सांगतात. तो हसून ‘आई, तो मीम आहे’, म्हणजे इंटरनेटवर सगळीकडे फिरणारा एक विनोद आहे, असे म्हणाला, तर थोडे ओशाळावे लागेल. ‘हो’ म्हणाला किंवा उत्तर टाळले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर, समुपदेशक किंवा मदतवाहिनीशी संपर्क साधावा.

प्रश्न : मी भाषेची शिक्षिका आहे. मुले निबंधातही संदेशातील लघुरूपे लिहितात. यामुळे त्यांची भाषा कायमची बिघडेल काय?

उत्तर : लघुरूपांमुळे बिघडेल, असे वाटत नाही. कॉव्हेंट्री विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये १० ते १२ वर्षांच्या ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संदेश लिहिताना अधिक लघुरूपे वापरणाऱ्या मुलांची शब्दवाचनाची क्षमता आणि शब्दसंग्रह अधिक चांगला आढळला. याचा अर्थ लघुरूपांमुळे वाचन सुधारते, असा घाईने काढू नये. एवढे मात्र पटते की, शब्दाचा नाद कानात पक्का असल्याशिवाय तो मोडून लिहिता येत नाही.

मोबाइलवरील संदेश १६० अक्षरांचा असावा, ही मर्यादा फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने १९८५ मध्ये निश्चित केली आणि लघुरूपे तिच्यामुळे वाढली, असे सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे, परंतु आज ती मर्यादा कोणाला जाणवतही नाही आणि लघुरूपे टिकून आहेत. जागा वाचवणे हे त्यांचे एकमेव काम कधीच नव्हते. ‘मी तुमच्यातला आहे’ हे सांगणे हेही त्यांचे काम होते. १८३०च्या दशकात बोस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे लिहिण्याची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’चे विडंबन असलेले ‘ओके’ हे त्यांपैकीच एक. ते २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापले गेले. टूम संपली, ‘ओके’ राहिले, आणि आज निबंध तपासून झाल्यावर आपणही ते म्हणत असाल.

वर्गात बंदी घालण्यापेक्षा एक काम देऊन पाहावे. मित्रांतील पाच ओळींचा संवाद मुख्याध्यापकांना लिहायच्या अर्जाच्या भाषेत आणावा आणि एक अर्ज मित्राला पाठवायच्या संदेशात उतरवावा. दुसरे काम मुलांना सोपे वाटते, पण तेथेच ती अडतात, कारण अर्जातला आदर कोणत्या लघुरूपात ठेवायचा, हे त्यांना ठरवता येत नाही.

प्रश्न : माझा भाचा एक व्याकरणदृष्ट्या चुकीचे इंग्रजी वाक्य मुद्दाम पुन्हा पुन्हा लिहितो आणि त्याचे मित्र हसतात. चूक पुन्हा करण्यात विनोद कोणता?

उत्तर : पहिल्यांदा झालेली चूक विनोद असते, शंभराव्या वेळी केलेली चूक परवलीचा शब्द असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या ‘झीरो विंग’ या जपानी व्हिडिओ गेमच्या इंग्रजी रूपांतरात ‘तुमचे सगळे तळ आता आमचे आहेत’ या अर्थाचे एक वाक्य इतके वाकडे झाले होते की, २००० ते २००१ या काळात ते इंटरनेटवर सर्वत्र पसरले. ज्यांनी तो खेळ कधी पाहिलाही नव्हता, ते आपली सरशी झाली की ते वाक्य लिहीत. जपानमधील काबोसू नावाच्या कुत्रीचे २०१० मधील एक छायाचित्र ‘डोज’ या नावाने गाजले, त्यावरही अशीच तुटकी, विशेषणे भलत्या जागी बसवलेली वाक्ये लिहिली जात. काबोसू २०२४ मध्ये वारली, ती वाक्ये अजून आहेत. आपला भाचा व्याकरण विसरलेला नाही. चूक नेमकी त्याच ठिकाणी, त्याच प्रकारे करावी लागते, आणि ती जरा जरी सुधारली तर मित्र त्याला नवखा समजतील.

प्रश्न : ‘रिझ’, ‘नो कॅप’, ‘स्ले’ हे शब्द मला समजतात. वय ५२. वापरावेत का?

उत्तर : समजत असतील तर काम झाले. ‘करिष्मा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा मधला तुकडा तोडून बनवलेला ‘रिझ’ ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडला, आणि कोशकारांची मान्यता मिळाली की मुले असा शब्द सोडू लागतात. ‘नो कॅप’ (खोटे नाही) आणि ‘स्ले’ (बाजी मारणे) तर इंटरनेटवर जन्मलेलेही नाहीत. ते कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून, इतर अनेक शब्दांप्रमाणे मूळ मालकांचे नाव पुसून, सर्वत्र पोहोचले. जिभेवर सहज येत असतील तर बोलावेत. बोलण्यापूर्वी विचार करावा लागत असेल, तर उत्तर त्यातच आले.

प्रश्न : ‘मीम’ की ‘मिम’? तो, ती की ते? आणि अनेकवचन काय?

उत्तर : रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये हा शब्द घडवला, तो अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दाला कात्री लावून आणि ‘जीन’शी यमक जुळावे म्हणून, त्यामुळे उच्चार दीर्घच आहे. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या मराठी लेखनविषयक नियमांनुसार अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ लिहायचा असल्याने ‘मीठ’, ‘टीम’ यांप्रमाणे ‘मीम’ हेच योग्य. लिंगाच्या बाबतीत एकमत नाही. वर एका मुलाच्या तोंडी मी ‘तो मीम’ घातले आहे, कारण मुले तसेही बोलतात. या मासिकात मात्र आम्ही ‘ते मीम’ लिहितो. अनेकवचनी ‘मीम्स’ लिहिणाऱ्याला आम्ही अडवत नाही, परंतु ‘दहा मीम आली’ एवढ्याने काम भागते. विभक्ती लावताना ‘मिठाला’प्रमाणे ‘मिमाला’ करू नये. ‘टीमला’प्रमाणे ‘मीमला’ लिहावे.